समुद्रापर्यंतची वाट

देवराम भोयेला सिनेमावाल्यांनी आयुष्यभर मारलं. कधी पोलिसांच्या गोळीने, कधी सावकाराच्या लाठीने, आणि बहुतेक वेळा मध्यंतराच्या आत. सुरगाण्याकडचा हा कोकणा आदिवासी चाळीस वर्षं लंगोटी लावून पडद्यावर मरत राहिला, पण कधी कुरकुरला नाही. त्याचं खरं काम वेगळंच होतं. गावात कोणी गेलं की तो शूटिंग टाकून घरी यायचा, काशाच्या थाळीवर मेणाने काडी रोवायचा आणि त्या काडीच्या घुमणाऱ्या सुरावर मेलेल्याला वाट सांगायचा. उंबऱ्यापासून पूर्वजांच्या डोंगरापर्यंत, एकेक ओढा, एकेक खिंड नाव घेऊन. वाट तुटली तर जीव तिथेच अडकतो, असं त्याच्या घराण्यात मानत. आपण जन्मलो ते यासाठीच, याबद्दल त्याला कधी शंका आली नाही.

आता त्याची मुलगी गेली होती. डॉक्टर सुलेखा, आयर्लंडात, ॲथलोनला, कॅन्सरने.

"बाबा, दुपारी इथल्या मराठी मंडळाची माणसं येतील," जावई म्हणाला. अंबरीश पुण्याचा, भला माणूस. रडून डोळे सुजले होते. "दहा-पंधरा मिनिटांत होईल ना?"

"वाट जेवढी लांब तेवढं गाणं, अंबरीशराव."

पण इथली वाट त्याला कुठे ठाऊक होती? विमानतळावरून येताना डोळ्यांतल्या पाण्याने काही दिसलंच नव्हतं. पोटच्या पोरीलाच आपण वाट दाखवू शकणार नाही की काय? शेवटी त्याने नातीला विचारलं. श्रावणीला मराठी कळे, उत्तर मात्र इंग्रजीत.

"आउट द डोअर, लेफ्ट, देन शॅनन ब्रिज, देन मोटरवे टू डब्लिन."

त्याने डायलॉग पाठ करावा तसं ते पाठ केलं.

दुपारी घर भरलं. "तुम्ही सिनेमातले ना? काय भारी मरता हो!" एक पाहुणा म्हणाला. देवरामने थाळी मांडीवर घेतली, काडीवरून बोटं ओढली आणि लेकीला हाक मारली. तिला दाराबाहेर काढलं, डावीकडे वळवलं, शॅनन नदीचा पूल ओलांडून दिला, मोटरवेने डब्लिनपर्यंत नेलं.

आणि पुढे समुद्र आला.

त्याच्या वाडवडिलांपैकी कोणी समुद्र ओलांडला नव्हता. गाण्यात त्याला शब्दच नव्हता. बोटं काडीवर थोडा वेळ फिरत राहिली, मग थांबली.

लोकांना वाटलं, संपलं. सगळ्यांनी हलक्या हाताने टाळ्या वाजवल्या. अंबरीश चहा आणायला उठला.

श्रावणीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने आजोबांची बाही धरली.

"आजोबा, आई कान्ट स्विम."