तांबे धरणारी घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. तीन भोके, दोन ठिगळे, शेकोटीचा एक डाग आणि एकाच बाजूला उरलेली झालर, एवढे माझ्या अंगावर होते. मित्रांनो, 'होते' म्हणते, कारण आता मी तुकड्यांत आहे.

चांदवडच्या कारभारींच्या मेंढ्यांची लोकर कातून मला विणले. मग चिंचोके शिजवून, वाटून त्यांची खळ फासली. त्या खळीने मी अशी ताठ झाले की पाणी वरूनच ओघळून जाई. कारभारी माझी खोळ करून कळपामागे भर पावसात उभे राहत. तो ओल्या लोकरीचा वास मला अजून आठवतो. ते गेले आणि मी कांद्याच्या चाळीत कोपऱ्यात पडले.

त्यांचा मुलगा जीवन नाशिकला अंबडमध्ये भांड्यांवर तांब्याचा मुलामा चढवतो. सांडपाण्यात तांबे जास्त निघाले, म्हणून प्रदूषण मंडळाने त्याच्या कारखान्याला टाळे लावले. लिटरला तीन मिलिग्रॅमच्या आत आले तरच ते उघडणार होते. त्याची बायको योगिनी रसायनशास्त्र शिकलेली. लोकर म्हणजे प्रथिन आणि प्रथिन तांब्याला धरून ठेवते, हे तिला ठाऊक होते. तिने सासूकडे, लंकाबाईंकडे, टाकाऊ लोकर मागितली आणि मी अंबडला पोचले.

मी कारखान्याच्या सांडपाण्यात बुडाले, पण त्यातले तांबे जवळजवळ तेवढेच राहिले. योगिनी मला घेऊन चांदवडला आली.

"आई, हिला काही लावलंय का?"

"मग! ताजी खळ लावली. बिनखळीची घोंगडी दारातून देत नाय आपल्यात. कशी नवी नवरी दिसते!"

"दिसते हो, पण तांबं आत शिरेना. खळ उतरवून कापावी लागेल."

लंकाबाई माझ्या झालरीवरून हात फिरवत राहिल्या.

"तुझ्या सासऱ्याला हिनं कधी भिजू दिलं नाय," त्या म्हणाल्या. "पण पोरगं हातावर हात धरून बसलंय. घोंगडी काय पुजायची? आण कात्री. पहिला काप मीच घालते."

सोड्याच्या गरम पाण्यात माझी खळ सुटली. तुकडे एका उभ्या नळकांड्यात भरले आणि सांडपाणी हळूहळू माझ्यातून झिरपू लागले. माझ्या करड्या कडा हिरवट निळ्या झाल्या. मित्रांनो, जुने काही उकिरड्यावर टाकण्याआधी ते कशाचे बनले आहे, एवढे तरी बघत जा.

जीवनने दोन बाटल्या तपासायला दिल्या. आत जाणाऱ्या पाण्यात तांबे लिटरला १८.४ मिलिग्रॅम होते. बाहेर पडलेल्या पाण्यात २.१.