चमनचा हात

रेडिओच्या कॉइलीच्या टोकाला लाल रेशीम बांधलेलं होतं. केसासारख्या तांब्याच्या तारेचे साडेतीन हजार वेढे, प्रत्येक थर कागदावर सपाट बसलेला, आणि शेवट सुटू नये म्हणून ते रेशीम. त्याची गाठ सयाजीला भिंगातूनही सापडली नाही.

“बघत काय बसलाईस? शेवटची हाय ती,” मालक बाळासो गल्ल्यावरून ओरडले. “चमन गेला, त्याचा हातबी गेला. आता जळक्या कॉइली मुंबैलाच धाडायच्या.”

सयाजीनं कॉइल भिंगाखाली पुन्हा फिरवली. कोल्हापुरात राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत रेडिओ अजून नवलाचा होता, तेव्हापासून मंगळवार पेठेतल्या या दुकानात तो आणि चमन एका बाकावर बसत आले होते. सयाजीनं दुरुस्त करायचं, चमननं बोलायचं. एकदा पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गावात दोघं नवा रेडिओ दाखवायला गेले होते. देवळापुढं सगळं गाव जमलं आणि ऐन वेळी रेडिओ मुका झाला. सयाजी रेडिओची पाठ उघडून बसला. चमन मात्र धोतराच्या पडद्यामागं शिरला आणि नाकातून बोलू लागला, “ही मुंबई हाय! आजच्या बातम्या. पिराजी पाटलाचा बैल दावं तोडून बयाबाईच्या मिरच्यांत शिरलाय.”

“आगं बया! मुंबैला कसं दिसलं?” म्हणत बयाबाई पळाली, आणि बैल खरोखर मिरच्यांत होता. चमननं तो येताना पाहून ठेवला होता. गाव पोट धरून हसत होतं तोवर सयाजीनं तुटलेली तार जोडली. त्या दिवशी दोन रेडिओ खपले.

असा माणूस श्रावणात विषमज्वरानं गेला.

त्याच्या हातचं म्हणून गावभर नाव झालेलं, घरून करून आणलेलं कॉइलींचं काम त्याच्या हातचं नव्हतं, हे फक्त सयाजीला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तो अचानक चमनच्या घरी गेला, तेव्हा चमनची बायको हाफिजा चरकीवर तार गुंडाळत होती. तिचं माहेर पटवेगारांचं, दागिने रेशमात गाठवणाऱ्यांचं. लहानपणापासून बोटं तयार झालेली.

“सापडलो की रं!” चमन खो खो हसला होता. “माझ्या हातात तार दिली तर शेवया हुत्यात, लेका. मालकाला सांगायचं हाय. पर बाईनं केलंय म्हटल्यावर गिऱ्हाईक नाक मुरडंल. दिवाळी होऊं दे, सांगू.”

दोन दिवाळ्या गेल्या.

आज सकाळी हाफिजानं ही कॉइल आणि तारेची उरलेली दोन रिळं सयाजीपुढं ठेवली. “सयाजीभाऊ, परत न्या. काम न्हाई तर तार कशाला?”

“वैनी, दुकानात येऊन बसशीला?”

“मी कवाबी बसंन. दोन पोरी हायेत माझ्या. पर सांगणार कोन? त्यांनी न्हाई सांगितलं, तुमीबी गप.”

तो गप होता, कारण मेलेल्या दोस्ताचं नाव आपल्या तोंडानं कसं घालवायचं, हे त्याला कळत नव्हतं.

गल्ल्यावर बाळासोंनी पोस्टाचं पाकीट काढलं. “मुंबैचा पत्ता सांग. आसला कारागीर पुन्यांदा व्हनं न्हाई बघ. माझ्या तर डोळ्यादेखत गुंडाळायचा गडी!”

सयाजीला हसू आलं. चमननं मालकाच्या डोळ्यादेखत फक्त चहा ढवळला होता. हे वाक्य ऐकायला तो असता, तर बाकावरून खाली पडेपर्यंत हसला असता, आणि मग स्वतःच सगळं ओकला असता. नाव जायची भीती त्याला कधी नव्हतीच. स्वतःचं हसं करून घेण्यात त्याच्याइतका उदार माणूस कोल्हापुरात दुसरा नव्हता.

सयाजीनं भिंग खाली ठेवलं.

“मालक, पाकीट ऱ्हाऊं द्या. आजवरची येक बी कॉइल चमननं गुंडाळलेली न्हाई. सगळ्या हाफिजावैनींच्या हातच्या हायेत. उद्यापास्नं त्या हितं बसतील, चमनच्या जागंवर.”