काँडोतली म्हातारी

"आईंना सांगितलंस?" प्रतीकच्या गालांना लाली फासता फासता योगिनीने विचारलं.

प्रतीकने नुसतीच मान हलवली. नव्हतं सांगितलं.

सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागातल्या त्यांच्या काँडो सोसायटीत दर डिसेंबरला मुलांसाठी पँटोमाइम व्हायचं, इंग्रजी धर्तीचं विनोदी नाटक. एखादी परीकथा, गाणी, धांदल. त्यातली म्हातारी पुरुषाने करायची आणि प्रेक्षकांनी मनसोक्त ओरडायचं, असा रिवाज. बँकेत हिशेब तपासणारा, मीटिंगमध्येही हळू आवाजात बोलणारा प्रतीक गेली काही वर्षं ती म्हातारी व्हायचा. एरवीही पोरं त्याला आंटी म्हणूनच हाक मारायची.

२००६च्या मे महिन्यात पुण्यात त्याचे वडील गेले. आई, सुलेखाबाई, सिंगापूरला आल्या खऱ्या, पण बोलणं तिकडेच ठेवून आल्यासारख्या. विचारलं तर नुसतं हो किंवा नाही. अशा वर्षी झगा घालून लोकांना हसवणं प्रतीकला नको होतं. पण त्याच्याऐवजी दुसरं कुणी मिळेना. निदान आईने तरी हे पाहू नये, असं त्याला वाटत होतं. प्रतीक-योगिनीच्या लेकीने, अदितीने, मात्र आजीला हाताला धरून हॉलमध्ये आणून बसवलं.

पडद्याआडून आई दिसली तेव्हा प्रतीक दोन पावलं मागे सरकला. तरी तो स्टेजवर गेला.

म्हातारी केक करत असते आणि मागून भूत येतं, असा प्रसंग होता. पोरं ओरडली, "बिहाइंड यू!" प्रतीकने ठरल्याप्रमाणे भलतीकडेच पाहिलं. भूत आणखी जवळ आलं. तेवढ्यात गलक्यातून एक चिरका आवाज आला.

"प्रतीक, अरे मागे बघ!"

सुलेखाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. प्रतीक आपलं इंग्रजी वाक्य विसरला. मग म्हणाला, "कुठंय? कुणी नाही."

"आहे रे, आहे!"

अदितीने तेच उचललं. बघता बघता चिनी, मलय, तमिळ घरांतली पोरं एका सुरात ओरडू लागली, "आहे रे, आहे!"

खेळ संपल्यावर प्रतीक रंग न पुसताच आईकडे गेला. तिचा घसा बसला होता.

"बाबांना आवडलं नसतं ना?" त्याने विचारलं.

"लाजले असते," ती म्हणाली. "आणि मग भेटेल त्याला सांगत सुटले असते."

घरी जाताना लिफ्टच्या आरशात दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकीने हात वर करून दुसरीचा कललेला विग सरळ केला.