घडी घालता घालता

"मावशी, तू अंक वाचतेयस की पोलिसात जबाब देतेयस?" ऋतिकाने कानांवरचे हेडफोन काढले.

सुगंधामावशींनी पदराने घाम टिपला. विक्रोळीतली संस्थेची खोली, आवाज नको म्हणून पंखा बंद, आणि नाकासमोर तो माईक. "माका नाय जमाचा गो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाक तरी बसव."

आता हे म्हणणारी बाई कोण, तर वर्षानुवर्षं 'वळचण' मोठ्याने वाचून दाखवणारी. गरीब रुग्णांना मदत करणाऱ्या संस्थेचं हे मासिक. अंक छापून आला की दुसऱ्या शनिवारी बायका इथे जमायच्या, घड्या घालायच्या, पत्ते डकवायच्या, आणि मावशी घड्या घालता घालता वाचायच्या. त्यांनी वाचल्याशिवाय अंक टपालात पडत नसे, असा रिवाजच होता.

मग छपाई थांबली. अंक मोबाइलवर जाणार असं ठरलं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी तो आवाजातही द्यायचा, ही संस्थेत काम करणाऱ्या ऋतिकाची कल्पना. विश्वस्त म्हणाले, आजचं वाचन जमलं तर शनिवार तुमचा, नाहीतर खोली शिवणवर्गाला. घरी मावशींना काही कमी नव्हतं. सून चांगली, टीव्ही मोठा. पण तिथे 'पुढे वाच गं' म्हणणारं कुणी नव्हतं.

"पाणी आणते, मग बघू," म्हणत ऋतिका बाहेर गेली. रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं.

तेवढ्यात घड्या घालणाऱ्या बायकांपैकी जयंती डबा घेऊन आली. तिची नजर कोपऱ्यातल्या उरलेल्या अंकांवर गेली. "ही रद्दी हा? मग पाकिटां करूया. दवाखान्यात गोळ्या देऊक लागतत."

ती फतकल मारून बसली. मावशींनीही एक कागद ओढला. घडी पडली, नखाने दाबली, आणि तोंड आपोआप सुरू झालं. समोर ठेवलेल्या मोबाइलवरचा लेख त्या अशा वाचत सुटल्या की दारात ग्लास घेऊन आलेली ऋतिका तिथेच थांबली.

"सुगंधा, आधी खा. घावणे थंड होतत," जयंती मध्येच म्हणाली.

"थांब गो, हिका डिस्चार्ज मिळूं दे," असं म्हणून मावशींनी लेखातल्या पेशंटला घरी पोचवलं.

नंतर ऐकताना ऋतिकाने कपाळाला हात लावला. "वाट लागली. कागदाची खसखस, घावणे, सगळं आलंय यात." पण मावशींना पुन्हा माईकसमोर बसवायची तिची हिंमत नव्हती. तिने तसंच पाठवून दिलं.

संध्याकाळी वर्सोव्याहून निरोप आला. हरेश्वर म्हणून एक म्हातारे कोळी होते, नजर गेलेली. पूर्वी अंक आला की सून वाचून दाखवायची. खोकत खोकत ते बोलले होते, "बाय, मना पन येक घावना ठेव."

मावशींनी तो निरोप पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. विश्वस्तांनीही तो ऐकला, आणि शिवणवर्गाने दुसरी जागा शोधली.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी खोली बायकांनी भरली. मावशींनी आधी एक घावणा वेगळ्या ताटलीत काढला आणि माईकपाशी ठेवला. मग गठ्ठ्यातला वरचा कागद घेतला. छापलेल्या शेवटच्या अंकाचं मुखपृष्ठ होतं ते. त्यावरून त्यांनी तळहात फिरवला, मधोमध घडी घातली आणि म्हणाल्या, "चालू कर गो."