सातवी रेघ

त्या सकाळी आईच्या फोनवर एकेचाळीस न वाचलेले निरोप होते. तेवीस 'थेंबातले जीव' या ग्रुपमधल्या माणसांचे, अकरा जाहिरातींचे, सहा मावशीचे आणि एक माझा.

मायक्रोस्कोप मीच आणून दिला होता. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेने तो जुना म्हणून काढून टाकला होता. सुरुवातीला डबक्यातला थेंब काचेवर घेतला की आई मलाच हाक मारायची आणि तिने त्या जिवांना दिलेली नावं मी दुरुस्त करायचे. मग ती ग्रुपमध्ये गेली. तिथे एक निवृत्त मास्तर तिच्या प्रत्येक फोटोला दाद द्यायचे. एक नर्स रोज गुडघ्याची चौकशी करायची. आईचा गुडघा दुखतो, हे मला तिच्या फोनवर ते वाचून कळलं.

मला का नाही सांगितलंस, असं विचारलं, तर म्हणाली, तू लगेच डॉक्टरकडे ओढत नेशील, ती नुसतं विचारते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते असं.

शेवटी मी 'पाणबुडी' या नावाने ग्रुपमध्ये शिरले. आई बाजारात गेली की तिच्याच मायक्रोस्कोपवर फोटो काढायचा आणि विचारायचं, हा कोण? मास्तरांच्या आधी आईचं उत्तर यायचं, लांबलचक, मायेचं. खाली लिहिलेलं, 'विचारत जा गं.' चौथ्या दिवशी मला पाणबुडीचाही हेवा वाटू लागला.

पाचव्या दिवशी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "पाणबुडीबाई, भिंग पुसत जा आधी."

मापाशिवाय फोटो काढायचा नाही, ही माझी प्रयोगशाळेतली सवय. प्रत्येक फोटोत भिंगातली मोजपट्टी होती आणि तिची सातवी रेघ अर्धी पुसलेली.

"कधी कळलं?"

"पहिल्याच फोटोला."

"मग उत्तरं का देत बसलीस?"

"तू विचारत होतीस ना. घरी कुठे विचारतेस? घरी नुसत्या चुका काढतेस."

आईने हात पुसले, नवा थेंब काचेवर घेतला, त्यात कापसाचे दोन धागे टाकले आणि खुर्ची सरकवून मला जागा केली. फोन पलीकडे वाजत होता.

"हा अजून कोणाला दाखवला नाही," ती म्हणाली. "केवढा आहे, मोज."

धाग्यात अडकून तो थांबला. एक रेघ दहा मायक्रॉनची. एकवीस रेघा भरल्या. दोनशे दहा मायक्रॉन.