उपाशी तारामासा आधी निघतो

गुलमंडीच्या आमच्या घरात, ऐन बैठकीत, खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात दोन तारामासे आणि जाळीच्या डब्यात एक खेकडा. हा माझ्या पीएचडीचा संसार! तारामासा जेवताना स्वतःचं पोट बाहेर काढून शिंपल्यात घालतो, म्हणजे संकट आलं तर पटकन पळायची सोय नाही. म्हणून त्याला खाणाऱ्या खेकड्याचा वास आला की पोट भरलेला तारामासा दगडाखालून हलत नाही. आठवडाभर उपाशी ठेवलेला मात्र जीव मुठीत धरून शिंपल्याकडे निघतोच.

सरदार माझ्याबरोबर शिकतो. अब्बांकडे मला मागणी घालायची असं ठरवून तो दर शुक्रवारी 'टाकी बघायला' येई. माझे अब्बा, निजामुद्दीन कापडवाले, समोर गप्प बसत. दुकानातही गिऱ्हाइकानं मागितल्याशिवाय ते कापडाचं थान उलगडत नाहीत. अम्मी नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, वाढायची. "लेव बेटा, और लेव!" सरदार पोट फुटेस्तोवर जेवायचा, ढेकर द्यायचा आणि सलाम करून चक्क निघून जायचा! इकडे मामूंनी जालन्याचं स्थळ आणलं होतं आणि रविवारी होकार जाणार होता.

आणि मला एकदम उलगडलं. अम्मीच त्याचं पोट भरते, मग हा बाबा दगडाखालून निघेल कशाला?

त्या शुक्रवारी मी सरदारला बजावलं, "सकाळपासून काहीच खायचं नाय." त्याला साथ म्हणून मीही खाल्लं नाही. तो बोलेपर्यंत ताट आणायचं नाही, अशी अम्मीला शपथ घातली.

सरदार आला. खलियाचा वास घरभर सुटलेला. त्यानं घसा खाकरला. माझा जीव टांगणीला!

"चाचा," तो म्हणाला, "टाकीचं पाणी... लई साफ हाय."

मला राग आला, हसू आलं आणि त्या मठ्ठावर इतकं प्रेम आलं की काही विचारू नका. भुकेनं डोकं गरगरत होतं.

"अब्बा, मला सरदारशीच निकाह करायचाय! जालन्याला नाय म्हणून कळवा."

सरदार पांढराफटक. अब्बांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कवाचा वाट बघून ऱ्हायलो, कोण तोंड उघडतंय म्हणून," ते म्हणाले. मग एकदम आत अम्मीवर कडाडले, "अगं, मग अक्कल हाय का तुला? होणारा जावई उपाशी बसलाय!"