कंबर कस!

जिममध्ये सगळ्यांत जड बार तोच उचलायचा, म्हणून त्याला सगळे क्रेन म्हणायचे. पाठीने तिसऱ्यांदा दगा दिला आणि क्रेन मोडीत निघाली. आता तो मागचा पाय बाकावर टेकवून, हातात हलके डंबेल घेऊन, एकेका पायावर बसायचा-उठायचा. मांड्या पेटायच्या, पण पाठीवर भार येत नव्हता.

शेजारी खुर्चीत बसलेल्या, त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सरांना ते बघवेना. "खेळणी उचलतोयस होय रे?" ते सगळ्यांसमोर म्हणाले. "आमच्या वेळी पाठ दुखली की कंबर कसायची आणि बार उचलायचा!"

'कंबर कस' हा त्यांचा एकमेव उपचार. पहिल्यांदा पाठीत कळ आली, तेव्हाही त्यांनी हेच ओरडत त्याला कमरेचा पट्टा आणखी आवळायला लावला होता. त्याने दातओठ खात पाय बदलला.

सगळे पांगल्यावर सरांनी त्याला जवळ बोलावलं. त्यांच्या एका बुटाची नाडी सुटली होती.

"जरा बांध रे," ते भिंतीकडे बघत पुटपुटले. "बरीच वर्षं झाली, वाकवतच नाही."

त्याने पाठ ताठ ठेवून गुडघा टेकला आणि नाडी बांधली. मग दुसऱ्या बुटाची सोडली.

"आता कंबर कसा, सर," तो म्हणाला आणि चालता झाला.